पेल्यावरचा पाव

लाल शाईची मला भीती वाटत नाही. लाल शाई माझी स्वतःची असते. मला भीती वाटते ती पेन्सिलीची.

आमच्याकडे पुस्तक छापायला जाण्याआधी मुद्रितांचा गठ्ठा तपासनिसाकडे जातो. तो नावे, तारखा, संदर्भ ताडून पाहतो आणि शंका आली की समासात पेन्सिलीने लिहितो. इतक्या फिक्या अक्षरात, की वाटले तर फुंकरीने उडून जावे. मग गठ्ठा अनुवादकाकडे येतो. शंका पटली तर लाल शाईने दुरुस्त करायचे, नाही पटली तर बाजूला ‘आहे तसेच’ एवढे दोन शब्द लिहायचे. त्यानंतर कोणी काही विचारत नाही. ‘आहे तसेच’ लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, ही आमच्या व्यवसायाची रीत आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘ओबच्या धक्क्यावर’ या कादंबरीचा गठ्ठा माझ्याकडे आला. झिनाइदा पोलोझोवा या रशियन लेखिकेच्या या पुस्तकाचा जपानी अनुवाद माझे गुरू उसामी सेन्सेई यांनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी केला. आता त्याची खिशात मावणारी आवृत्ती निघायची होती. सेन्सेई जाऊन पंचवीस वर्षे झाली. त्यांच्या शिष्यांपैकी मी एकटाच उरलोय, म्हणून मुद्रिते माझ्याकडे. काम सोपे आहे असे प्रकाशनाने सांगितले होते. जुने झालेले चार-दोन शब्द बदलायचे, बस्स.

पान दोनशे बारावर पेन्सिलीने लिहिले होते :

‘हे वाक्य मूळ पुस्तकात सापडले नाही. माझ्या नजरेतून सुटले असल्यास क्षमा असावी. असेच ठेवावे का? – कुवाबारा.’

ज्या वाक्याखाली बारीक रेघ होती, ते वाक्य असे : ‘मग तिने आणखी एक ताट वाढले, आणि ते दाराकडे तोंड करून ठेवले.’

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सत्तेचाळीस वर्षे मी या पेन्सिलीची वाट पाहत होतो. तरी ती आली तेव्हा मला पहिला विचार सुचला तो असा, की खोडरबर कुठे ठेवलाय.

ते वाक्य सेन्सेईंचे नाही. पोलोझोवाबाईंचे तर नाहीच. ते माझे आहे.

*

मी सेन्सेईंकडे कच्चा मसुदा करणारा होतो. त्या काळी अनुवाद शिकायचा तो असाच. शिष्याने मूळ पुस्तकावरून पहिला मसुदा करायचा, गुरूने त्यावरून पक्का अनुवाद करायचा, पुस्तकावर नाव गुरूचे. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. मलाही वाटले नाही. माझे नाव कशावर छापावे असे मला आजही फारसे वाटत नाही. पुढे माझी अकरा पुस्तके निघाली. त्यातले एकही आज दुकानात मिळत नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

आठवड्यातून तीन दुपारी मी कोगानेइला त्यांच्या घरी जायचो. त्यांची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. पक्का अनुवाद करताना ते मूळ पुस्तक उघडतच नसत. युद्ध संपल्यावर ते चार वर्षे सैबेरियात कैदेत होते. रशियन ते तिथे शिकले होते, लाकडे तोडता तोडता. म्हणत, “ती भाषा डोळ्यांपुढे आली की माझी जपानी लंगडायला लागते, मिनोवा. ती तुझ्याकडेच असू दे.” मग ते भिंतीला टेकून माझा मसुदा मोठ्याने वाचायचे आणि मी समोर गुडघ्यांवर मूळ पुस्तक उघडून बसायचो. वाचता वाचता अडखळले की विचारायचे, “असं लिहिलंय?” मी पुस्तकात पाहायचो आणि म्हणायचो, “हो.” मग ते पुढे जायचे.

पहिल्या वर्षी मी एकदा म्हणालो होतो, “जवळपास तसंच.”

त्यांनी कागद खाली ठेवला. बाहेर पर्सिमनचे झाड होते, त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. “मिनोवा, जवळपास नावाचं स्टेशन नाही. उतरायचं तर उतर, नाहीतर बसून राहा.”

दुसऱ्या एका दुपारी : “ही बाई नदीकाठी राहते की नगरपालिकेत? मुलाला जेवायला बोलावतेय की नोटीस पाठवतेय?”

त्यांची मुलगी चिझुरु तेव्हा शाळेत होती. चहा घेऊन आली की दाराशी थांबून ती हे ऐकायची आणि तोंड दाबून हसायची. मी कानापर्यंत लाल व्हायचो. पण शिकलो ते तिथेच. ते बोलायचे त्यातून फारसे नाही, वाचायचे त्यातून. जिथे त्यांचा श्वास अडकायचा तिथे माझे वाक्य चुकलेले असायचे. घरी गेल्यावर मी तेच पान मोठ्याने वाचायचो आणि माझाही श्वास तिथेच अडकतो का ते पाहायचो. सहा वर्षांत त्यांनी एकदाही ‘चांगलं झालंय’ म्हटले नाही.

म्हटले नाही म्हणजे, एकदा म्हटले.

कादंबरीतली दार्या ओब नदीच्या धक्क्यावर होड्यांचे दोर ओढते. तिचा मुलगा मित्या युद्धावर गेलाय. पत्रे येणे थांबले आहे. अर्ध्या पुस्तकात काहीच कळत नाही. पत्र नाही, तार नाही, की गावात कोणी परतलेला नाही. मग एका संध्याकाळी ती घरी येते, पेल्यात व्होडका ओतते, काळ्या पावाचा काप कापून त्या पेल्यावर ठेवते, आणि आपले सूप पिते. तिथे प्रकरण संपते.

पेल्यावर पाव कशाला? मी सत्तावीस वर्षांचा होतो. रशिया पाहिलेला नव्हता. शब्दकोशात पाव होता, पेला होता, पेल्यावर पाव नव्हता. ज्यांना विचारता आले असते ते सेन्सेई दर दोन दिवसांनी माझ्यासमोर भिंतीला टेकून बसत होते. पण मसुदा करणाऱ्याने अडलेले काही गुरूपुढे न्यायचे नसते. अडलेले सोडवून नेणे, हेच तर त्याचे काम. निदान मी तसे समजत होतो. खरे सांगायचे तर मला लाज वाटली.

मी विचार केला. नदीकाठ आहे, उन्हाळा आहे, माश्या असणार. मी लिहिले, ‘माश्या पडू नयेत म्हणून पेल्यावर पावाचा काप ठेवला.’ ‘माश्या पडू नयेत म्हणून’ हे मूळ पुस्तकात नव्हते, पण वाचकाला अडू नये एवढी मदत अनुवादकाने करावी, असे मी स्वतःला समजावले. कोडे सुटल्याचा मला आनंदही झाला.

पण मग परिच्छेद मेला. एक बाई पेला झाकते आणि सूप पिते, यावर कोणी प्रकरण का संपवावे? इथे काहीतरी असायला हवे होते, हे मला कळत होते. ते काय, ते कळत नव्हते. माझे वडील दर हंगामाला मासेमारीसाठी उत्तरेला होक्काइदोला जायचे. ते परत येईपर्यंत आई रोज संध्याकाळी त्यांचे ताट वाढून ठेवायची. परगावी गेलेल्याला तिकडे उपाशी राहावे लागू नये, तो सुखरूप परत यावा, म्हणून. आमच्याकडे घरोघरी ही चाल होती. युद्धाच्या दिवसांत तर एकही घर सुटले नव्हते. माझ्या हाताने ते वाक्य लिहिले. ताट वाढले, आणि दाराकडे तोंड करून ठेवले. मसुद्याची पक्की प्रत करताना काढून टाकू, असे म्हणालो. मग पक्की प्रत केली, आणि काढले नाही.

सेन्सेई वाचत वाचत तिथे आले आणि थांबले. चिझुरु चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती. तीही थांबली.

“असं लिहिलंय?”

मी गुडघ्यांवरच्या पुस्तकात पाहिले. तिथे पाव होता, पेला होता, सूप होते. ते प्रकरणाचे शेवटचे पान असल्याने खाली अर्धे पान कोरे होते.

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. बाहीने पुसला. मग झाडाकडे न पाहता, माझ्याकडेही न पाहता म्हणाले, “चांगलं झालंय.”

*

पुस्तक गाजले. त्या एका वाक्यासाठीच गाजले असे म्हणणे वाढवून सांगणे होईल, पण परीक्षण लिहिणारे सगळे तिथे थांबत. ‘वाट पाहणाऱ्या आईची कादंबरी’ असे नावच पडले. शाळेच्या एका क्रमिक पुस्तकात ते पान घेतले गेले. ज्यांचे मुलगे, नवरे परतले नव्हते अशा बायकांची पत्रे यायची. ‘रशियातल्या आयासुद्धा आमच्यासारखंच ताट वाढतात हे वाचून खूप रडले,’ असे एकीने लिहिले होते. ते पत्र सेन्सेईंनी मला वाचायला दिले. मी वाचले आणि घडी घालून परत दिले.

एका टीकाकाराला तेवढा एक प्रश्न पडला. इतकी वाट पाहणारी ही आई दोनच प्रकरणांनंतर मुलाचे बूट बाजारात विकते, ते कसे? सेन्सेईंनी दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी टिपण जोडले. भूक वाट पाहण्याहून मोठी असते, असे त्यात सुंदर शब्दांत लिहिले. त्या टिपणाची पक्की प्रत मीच केली.

बारा वर्षांनी मी अनुवादकांच्या एका गटाबरोबर रशियातल्या खबारोव्स्कला गेलो. एका संध्याकाळी आमच्या दुभाषी बाईंच्या घरी बोलावणे होते. त्यांचा भाऊ नुकताच वारला होता. टेबलावर त्याचा फोटो होता, आणि फोटोसमोर व्होडकाने भरलेला पेला. पेल्यावर काळ्या पावाचा काप.

खोलीत एकही माशी नव्हती. बाहेर बर्फ होते.

मी विचारले, हे कशासाठी? त्यांनी लहान मुलाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, “तो गेला ना, म्हणून.”

दार्या वाट पाहत नव्हती. त्या संध्याकाळी, कोणी सांगितले नसताना, कागद आला नसताना, तिने आपला मुलगा मेला हे मान्य केले होते. म्हणून प्रकरण तिथे संपत होते. म्हणून तिने बूट विकले. पुस्तक होते वाट पाहणे थांबवणाऱ्या बाईचे. आणि मी तिचे बखोट धरून तिला पुन्हा दाराकडे तोंड करून बसवले होते.

सेन्सेई त्यानंतर दहा वर्षे जगले. दर नववर्षाला मी त्यांच्याकडे जायचो. दर वेळी ट्रेनमध्ये एक वाक्य घोकत जायचो. दर वेळी भाताच्या वड्या घातलेले सूप पिऊन, नमस्कार करून, ते वाक्य तसेच परत आणायचो.

*

फोन करण्याआधी मी काय बोलायचे ते चिठ्ठीवर लिहून घेतो. ही माझी जुनी सवय आहे. संपादक निशिगाकींना फोन करण्याआधी मी लिहिले, ‘पान २१२. पेन्सिलीची शंका बरोबर आहे. खुलासा द्यायचा आहे.’

“पान दोनशे बारा,” मी म्हणालो.

“हां, ते होय!” निशिगाकी हसले. ते चाळिशीतले, नेहमी घाईत असतात. “आमच्या कुवाबारासान म्हणजे डासाच्या मिशा मोजतील हो. कॉलेजात दोन वर्षं रशियन केलंय म्हणे. ग्रंथालयातून मूळ पुस्तक आणलं आणि ओळीला ओळ लावत बसल्या. कुणी सांगितलं होतं? मी तरी नाही.”

“पण त्यांचं म्हणणं...”

“तुम्ही ‘आहे तसेच’ लिहा आणि द्या पाठवून. गुरुवारपर्यंत आलं म्हणजे झालं. अहो, ते वाक्य आम्ही पट्टीवर घेतलंय!” पट्टी म्हणजे पुस्तकाच्या कमरेला गुंडाळतात तो कागद. “आणि मूळ पुस्तकात नसलं तरी काय बिघडलं? मोठी माणसं घालतात अशी एखादी ओळ. ती उसामी सेन्सेईंची प्रतिभा म्हणायची.”

दार सताड उघडे होते. मी काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. दोन शब्द लिहिले की ते वाक्य कायमचे सेन्सेईंचे झाले असते. उद्या आणखी कोणी ओळीला ओळ लावली असती, तर प्रतिभा सेन्सेईंची, नाहीतर लबाडीही त्यांचीच.

“त्यांनी नाही घातलं,” असे मला म्हणायचे होते. पण ते चिठ्ठीवर नव्हते.

“बरं, बघतो,” मी म्हणालो.

त्या दिवशी मी ‘आहे तसेच’ हे शब्द एका कोऱ्या कागदावर लिहून पाहिले. माझे अक्षर बरे आहे. ते शब्द अगदी खरे दिसत होते.

*

मंगळवारी मी कोगानेइला गेलो. बीनच्या गोड वडीचा डबा नेला होता. चिझुरुसान आता त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्यावर त्या वडिलांच्या घरी परत राहायला आल्या. घर नवे बांधले आहे, झाड तेच आहे. त्या ओसरीवर बसून पर्सिमन सोलत होत्या. सोललेली फळे दोरीला बांधून वळचणीखाली वाळत टाकली होती.

“या मिनोवासान. नववर्षाला अजून दोन महिने आहेत, आज कसे? आणि दारात बूट काढताना अजून माफी मागता का हो तुम्ही?”

“माफ करा,” मी म्हणालो, आणि त्या हसल्या.

मी मुद्रिताचे ते पान काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. चिठ्ठी खिशात होती. या वेळी मी सगळे लिहून आणले होते. पण चिठ्ठी काढायला हात गेला नाही, आणि मी लिहिल्याहून वाईट रीतीने सांगितले. आधी खबारोव्स्क, मग माश्या, मग माझी आई, आणि सगळ्यात शेवटी ते ‘हो’.

त्यांच्या हातातली सुरी मध्येच थांबली होती. साल अर्धी लोंबत होती.

“मी होते तिथे,” त्या म्हणाल्या. “ट्रे घेऊन.”

“हो.”

“बाबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आजी आठवली.” त्यांनी साल पूर्ण केली. “तुम्हाला आजीच्या ताटाचं माहीत आहे? नाही? बाबा सैबेरियात होते ती चार वर्षं ती ताट वाढायची. ते परत आले त्या दिवशी गडबडीत तिनं त्यांचं जेवणही वाढलं, आणि सवयीनं ते ताटही वाढलं. बाबा बसलेत, आणि शेजारी बाबांचं ताट. मग बाबांनी दोन्ही ताटं संपवली. नंतर रात्रभर उलट्या. छावणीतून आलेलं पोट ते.”

त्या हसल्या, मग हसू गेले.

“म्हणजे बाबांना दोन्ही माहीत होतं. ताटही, आणि तुमचा तो पावही.”

“पाव त्यांच्यापुढे आलाच नाही. आला तो माश्यांसाठी.”

“पेल्यावर पाव म्हटल्यावर छावणीतून आलेल्या माणसाला कळणार नाही?”

हाच प्रश्न मी पस्तीस वर्षे उशाशी घेऊन झोपतो आहे. त्यांना कळले असेल आणि त्यांनी तरी विचारले असेल, ‘असं लिहिलंय?’ मी नाही म्हणावे म्हणून विचारले असेल, की हो म्हणावे म्हणून?

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“विचारायचं होतं त्यांना.” त्यांचा आवाज चढला नाही, पण सुरी त्यांनी जोरात खाली ठेवली. “दहा वर्षं तुम्ही या घरी येऊन सूप प्यायलात, मिनोवासान. बाबा सभांमधून ते पान वाचून दाखवायचे. तिथे दर वेळी थांबायचे. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकायचात! शेवटच्या वर्षी ते दवाखान्यात होते, तेव्हाही आलात. तेव्हाही नुसती फळं आणलीत.”

मी मान खाली घातली.

“आता माझ्याकडे कशाला आलात? मी काय सांगू? ठेवा म्हणू, का काढा म्हणू? मला रशियन येत नाही.”

“काढलं तर लोक म्हणतील, उसामी सेन्सेईंनी चुकीचं...”

“तुम्ही लिहाल ना, चूक कुणाची ते? शेवटी टिपण असतं की.” त्यांनी दुसरे फळ उचलले, आणि न सोलता हातात धरून ठेवले. मग म्हणाल्या, “खरं काय लिहिलंय तिथे? वाचा बघू.”

“जपानीत?”

“मग काय, रशियनमध्ये?”

मूळ पुस्तक माझ्या पिशवीत होते. तेच, सेन्सेईंच्या खोलीतले. मी ते गुडघ्यांवर उघडले आणि मसुद्याशिवाय, तसाच तोंडी अनुवाद करत गेलो.

“तिने पेल्यात व्होडका ओतली, काठोकाठ. काळ्या पावाचा एक काप कापला आणि पेल्यावर ठेवला. मग ती बसली आणि आपलं सूप प्यायली. सूप अजून गरम होतं.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. प्रकरण संपलं.”

“असं लिहिलंय?”

त्यांनी ते मुद्दाम विचारले की सहज, मला कळले नाही. मी पुस्तकात पाहिले. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पाहिले. खाली अर्धे पान कोरे होते.

“हो,” मी म्हणालो.

चिझुरुसान झाडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण पाव का ठेवला, हे कळत नाही. मला आत्ता तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. वाचणाऱ्याला कसं कळायचं?”

“कळणार नाही कदाचित.”

“तळटीप?”

“सेन्सेई म्हणायचे, तळटीप म्हणजे अनुवादकाने दुकान बंद करून लावलेली पाटी.”

“मग काय, मेलेल्याला आपण ठेवतो तसा भात ठेवाल? वर जेवायच्या काड्या उभ्या खोचून?”

“तीच चूक पुन्हा होईल.”

“तुमचं म्हणजे कठीणच आहे सगळं,” त्या म्हणाल्या, आणि सोललेल्या फळाची एक फोड कापून माझ्या हातावर ठेवली. ही जात वाळवल्याशिवाय तुरट लागते हे त्यांना माहीत होते, मलाही. मी ती खाल्ली. त्यांनी पाहिले, पण थांबवले नाही.

*

बुधवारी सकाळी मी लाल पेन घेऊन बसलो. आधी माश्या खोडल्या. मग ते वाक्य खोडले. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेतली, तरी ती थोडी वाकडी गेली. सेन्सेईंच्या जुन्या टिपणातला भुकेचा परिच्छेद ठेवला, कारण तो त्यांचा होता, पण त्याखाली माझी दोन पाने जोडली. चूक कोणी केली, कधी केली, कधी कळली आणि किती वर्षे लपवली, एवढेच लिहिले. सेन्सेईंना हे माहीत होते की नव्हते याविषयी काही लिहिले नाही. जे मला माहीत नाही ते पुन्हा एकदा रचून सांगायचे नव्हते.

निशिगाकींचा फोन शुक्रवारी आला. ते हसले नाहीत.

“मिनोवासान, पट्टी छापून झालीय.”

“हो. माफ करा.”

“लोक तेच वाक्य शोधत पुस्तक घेतात. ते पान उघडतील आणि तिथे काहीच नसेल. पाव! नुसता पाव! चिडतील लोक.” मग, “तुमच्यावरही चिडतील. तुमच्या वयात हे कशाला ओढवून घेता? तुम्ही काही बोलला नसतात तर...”

“हो,” मी म्हणालो. या वेळी चिठ्ठी लिहिली नव्हती, त्यामुळे पुढे काही सुचले नाही.

“वर विचारावं लागेल,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सहा आठवडे काही कळले नाही. पुस्तक रद्द झाले असेल असे मी धरून चाललो. पत्रपेटीचे झाकण वाजले की मी हातातले काम टाकून दाराशी जायचो. ज्या बाईने रडून पत्र लिहिले होते ती आता हयात असेल का, असेल तर नव्वदीची असेल, आणि हे तिच्या वाचनात आले तर, असे काहीबाही मनात येत राहायचे. ते वाक्य मी तिच्याकडून काढून घेत होतो. दिले होते तेही मीच, पण त्याने काढून घेणे सोपे होत नाही.

डिसेंबरच्या शेवटी दुसरी मुद्रिते आली. प्रकाशन वसंतावर ढकलले होते. पट्टीवर आता काय छापणार, हे निशिगाकींनी लिहिले नव्हते. माझी दोन पाने शेवटी छापलेली होती, एक अक्षरही न बदलता. दोनशे बारा हे पान उघडायला मला अर्धा तास लागला. आधी मी भांडी धुतली, मग चहा केला, मग पुन्हा भांडी धुतली.

पाव पेल्यावर होता. खाली अर्धे पान कोरे होते. आणि समासात पेन्सिल होती.

‘पाव का ठेवला, हे वाचकाला इथे कळेल का? (मला बुटांच्या प्रकरणापर्यंत कळले नव्हते. तिथे कळले, तेव्हा हे पान उघडून पुन्हा वाचले.) असेच ठेवावे का? – कुवाबारा.’

मी ते चार-पाच वेळा वाचले. त्यांनी पहिल्यांदा हे पुस्तक वाचले तेव्हा त्या बुटांपाशी त्यांना भूक दिसली असेल. आता काय दिसले, ते त्यांनी लिहिले नव्हते. तसे लिहिण्याची तपासनिसाची रीत नाही.

मी लाल पेन उघडला. सगळेच वाचक कुवाबारासानसारखे मागे येऊन पान पुन्हा वाचणार नाहीत. बहुतेकांना पावावरून काहीच कळणार नाही, आणि ते मला माहीत आहे. ‘मृतासाठी’ एवढा एकच शब्द घातला असता तर सगळ्यांना कळले असते. पेनचे टोक कागदाच्या अगदी जवळ होते. मी ओळ मोठ्याने वाचून पाहिली. श्वास कुठे अडकतो का ते पाहिले. तो सूप गरम असल्यापाशी किंचित अडकला, पण ती चूक आहे की तिथे तो अडकायलाच हवा, हे सांगायला आता भिंतीला टेकून कोणी बसलेले नव्हते.

मी समासात लिहिले, ‘आहे तसेच’.

शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवले. मग गठ्ठा बांधला आणि टपालात टाकायला निघालो. वाटेत दोनदा थांबलो. परत फिरलो मात्र नाही.